पोपटी, भरीत आणि खतखते : हलक्या भाजीच्या वाटेवरची तीन गावे

घरातील ज्येष्ठ व्यक्तीला डॉक्टरांनी ‘तेल-मीठ कमी करा’ असे सांगितले, की बहुतेक घरांत दुसऱ्याच दिवशी एक लहान पातेले वेगळे निघते. त्यात दुधी किंवा पडवळ पाण्यात उकडले जाते, वर चिमूटभर मीठ पडते आणि ती फिकट भाजी एका वाटीत वेगळी वाढली जाते. शेजारी बसलेली मंडळी मात्र फोडणीची खमंग भाजी खात असतात. पहिले चार दिवस ती वाटी निमूटपणे रिकामी होते. पाचव्या दिवशी ‘आज फारशी भूक नाही’ असे उत्तर येते. महिनाभरात दूध-भाकरी किंवा चहा-बिस्किटांवर भागवण्याची सवय लागते आणि भाजी ताटातून जवळजवळ नाहीशी होते. पथ्य काटेकोर पाळले जाते. जेवण मात्र कमी कमी होत जाते.

वाचकहो, हा त्या व्यक्तीचा हट्ट नव्हे. वय वाढते तसे वास ओळखण्याची शक्ती मंदावते आणि पदार्थाची चव आपल्याला मोठ्या प्रमाणात वासातूनच कळत असते. काही औषधांनी तोंडाला कोरड पडते, काहींनी जीभ कडवट होते. कवळी असेल तर चावण्याचे सुखही उणावते. म्हणजे ज्या जिभेला अधिक चवीची गरज आहे, तिच्याच वाट्याला आपण सर्वांत बेचव भाजी देत असतो. यातून होणारे नुकसान लहान नाही. खाणे घटले की वजन उतरते, स्नायू दुबळे होतात, तोल जाण्याचे आणि पडण्याचे भय वाढते. सहा महिने ते एक वर्ष या काळात काही प्रयत्न न करता वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे ३ किलोंहून जास्त कमी झाले, तर डॉक्टरांना दाखवावे, असा वैद्यकातील सर्वमान्य संकेत आहे.

तेव्हा भाजी हलकी तर हवी आणि ती आवडीने खाल्लीही जावी, असा हा दुहेरी प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच मुलखात अशी गावे आहेत, जिथे तेलाची पळी हाती न घेता, किंवा अगदी थोडक्या तेलात, भाजीला चव आणण्याच्या रीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. कुठे ती चव वाफेची आहे, कुठे विस्तवाची, तर कुठे आंबटाची. या लेखातून आपण अशा तीन ठिकाणी जाऊ आणि प्रत्येक ठिकाणाहून आपल्या ओट्यावर जमेल एवढे घेऊन परत येऊ.

रायगड : वाफेचे मडके

डिसेंबर-जानेवारीत मुंबईहून मांडव्याला होडीने उतरून अलिबागकडे निघावे, किंवा पेणच्या बाजूने गाडीने जावे. भाताची कापणी आटोपलेली असते आणि त्याच खाचरांत, जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर, वालाची हिरवी रोपे डोलत असतात. शेंगा भरू लागल्या की रायगड जिल्ह्यात पोपटीचे दिवस सुरू होतात. संध्याकाळ कलली, की शेताच्या बांधावर किंवा घरामागच्या परसात माणसे जमतात आणि एक मातीचे मडके मधोमध येते.

पोपटी लावणे पाहण्यासारखे असते. मडक्याच्या तळाशी आणि कडेने भांबुर्ड्याचा पाला अंथरतात. भांबुर्डा ही थंडीत शेताकडेला उगवणारी, उग्र वासाची रानटी वनस्पती. त्या पाल्यावर धुतलेल्या वालाच्या शेंगा, जाडे मीठ आणि ओवा यांचे थर पडतात. मधून मधून बटाटे, रताळी, लहान वांगी. सामिष खाणारी मंडळी त्यात अंडी आणि केळीच्या पानात गुंडाळलेले कोंबडीचे तुकडेही ठेवतात. वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद करतात, मडके जमिनीवर उपडे ठेवतात आणि त्याभोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून देतात. साधारण अर्धा तास जाळ चालतो. अनुभवी माणूस तापल्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतो आणि ‘चर्र’ आवाजावरून आतला अंदाज घेतो. मग मडके उघडले जाते आणि ओव्याच्या व पाल्याच्या वासाची वाफ सगळ्या परसात पसरते.

या सगळ्यात दोन गोष्टी आवर्जून ध्यानात घ्याव्यात. मडक्यात तेलाचा थेंबही पडलेला नाही आणि पाणीही ओतलेले नाही. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावा तापून त्याची वाफ झाली, ती बाहेर जाऊ शकली नाही, आणि तिनेच सारे शिजवले. भाजी पाण्यात उकडून ते पाणी टाकून दिले, तर क जीवनसत्त्वासारखे पाण्यात विरघळणारे घटक आणि बरीचशी चव त्याबरोबर निघून जाते. कोंडलेल्या वाफेत हे नुकसान पुष्कळ कमी होते. दक्षिण गुजरातेत वलसाडच्या परिसरात ‘उंबाडियू’ नावाने याच जातीचा पदार्थ मडक्यात होतो. सह्याद्री आणि समुद्र यांमधल्या या पट्टीला वाफेची ही किमया फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

शहरातल्या सदनिकेत पेंढा पेटवता येत नाही, पण पोपटीचे तत्त्व आणता येते. जाड बुडाचे पातेले घ्यावे. तळाशी कोबीची बाहेरची मोठी पाने दोन-तीन पदरी अंथरावीत. अनेकांच्या गॅलरीत जाड, लवदार पानांचे ओव्याचे झाड कुंडीत असते; त्याची चार पाने मध्ये ठेवावीत. त्यावर पाव किलो कोवळ्या वालाच्या किंवा पावट्याच्या शेंगा, एक रताळे, दोन लहान बटाटे आणि चार छोटी वांगी चिरून रचावीत. एक चमचा ओवा, अर्धा चमचा मीठ आणि आले-कोथिंबिरीचे थोडे वाटण लावावे. पाण्याचा एक हबका मारून वरून पुन्हा कोबीची पाने घालावीत आणि खोलगट झाकण ठेवून त्या झाकणात पाणी ओतावे. मंद आचेवर अर्ध्या तासात चौघांपुरती भाजी तयार होते. शेंगांच्या शिरा आधी काढून टाकाव्यात. दात नसतील त्यांच्यासाठी शेंगांऐवजी सोललेले कोवळे दाणे घ्यावेत आणि ते आधी निराळे मऊ शिजवून मग पातेल्यात घालावेत.

झाकणावर पाणी ठेवण्याची ही रीत कोकणातल्या घरोघरी आहे आणि ती केवळ पोपटीपुरती नाही. झाकण थंड राहते, आतली वाफ त्याला लागून पुन्हा थेंबांच्या रूपाने भाजीवर पडते. भाजी बुडाला लागत नाही, म्हणून जादा तेलाची गरजच उरत नाही. मध्येच पाणी कमी वाटले, तर झाकणावरचे तापलेले पाणी आत ओतावे. गार पाण्याने भाजीची शिजण्याची लय मोडते. दोडका, लाल भोपळा, कोबी, गवार, फरसबी या साऱ्या भाज्या अशा वाफेवर उत्तम होतात. चौघांच्या भाजीला एक लहान चमचा तेल, त्यात मोहरी, जिरे, हिंग आणि कढीपत्ता, एवढी फोडणी पुरे. एका लहान चमच्यात सुमारे ५ मिलिलिटर तेल मावते आणि त्यातून ४० ते ४५ कॅलरी मिळतात. फोडणीच्या पळीने अंदाजे तेल ओतले, की तीन-चार चमचे सहज पडतात. म्हणून तेलाच्या डब्याशेजारी पळीऐवजी चमचा ठेवावा. एवढ्याशा बदलानेही महिनाअखेरीला तेलाच्या पिशवीत फरक दिसतो.

जळगाव : विस्तवाची चव

रायगडच्या ओल्या वाफेनंतर आता कोरड्या आगीकडे वळू. त्याच थंडीच्या दिवसांत खानदेशात, जळगाव-भुसावळच्या परिसरात जावे. केळीच्या बागा आणि कपाशीची शेते यांच्यामधून जाणाऱ्या रस्त्यांवर संध्याकाळी एक खरपूस धूर तरंगत असतो. तो भरिताच्या वांग्यांचा धूर. इथले वांगे फिकट हिरवे, त्यावर पांढरट छटा, आकाराने मोठे आणि बियांना कमी. यावल तालुक्यातील बामणोदचे नाव त्यासाठी दूरवर पोहोचले आहे. ‘जळगाव भरीत वांगी’ म्हणून या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यावर ही वांगी भाजतात. साल काळी पडून भेगाळली, की आतला गर मऊ लोण्यासारखा होतो. साल काढून तो गर लाकडी पात्रात ठेचतात. त्यात भाजलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर आणि शेंगदाणे पडतात. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य दाखवण्याची रीत महाराष्ट्रात अनेक घरांत आहे. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे आणि कांदा-लसूण त्या दिवशी पुन्हा पानात येतात.

आता खरे सांगायचे, तर खानदेशी भरितात तेल सढळ हाताने पडते. शेतावरच्या मेजवानीत त्यावर तवंग दिसतो. पण तिथे कोणाच्या पंगतीत बसण्याचा योग आला, तर फोडणी पडण्याआधीचा एक घास मागून घ्यावा. नुसता ठेचलेला गर, मीठ आणि मिरची. भरिताची ओळख पटवणारी जी चव, ती त्या घासातच पुरती असते. ती धुराने आणि विस्तवाने आणलेली आहे. तेल नंतर येते. काही घरांत फोडणीशिवाय ‘कच्चे भरीत’ मुद्दाम केले जाते, ते याच कारणाने.

वांग्याच्या बाबतीत भाजण्याला आणखी एक अर्थ आहे. कच्च्या वांग्याचा गर स्पंजासारखा, हवेच्या पोकळ्यांनी भरलेला असतो. फोडी थेट तेलात परतल्या, तर त्या तेल शोषून घेतात आणि आपण ‘कोरडे झाले’ म्हणून आणखी ओततो. आधी भाजून किंवा वाफवून घेतले, की त्या पोकळ्या मिटतात आणि मग तेल शोषण्याची जागाच उरत नाही. भरल्या वांग्यांसाठीही हीच युक्ती चालते: वांगी आधी पाच-सात मिनिटे वाफवून मग मसाला भरावा.

घरी भरीत करताना आकाराने मोठे पण हाताला हलके वाटणारे वांगे निवडावे. जड वांग्यात बिया जास्त निघतात आणि त्या कवळीखाली अडकतात. वांग्याला सुरीने चार ठिकाणी टोचे द्यावेत, म्हणजे ते फुटत नाही. एका टोच्यात लसणीची पाकळी खोचावी. गॅसवर जाळी ठेवून मध्यम आचेवर फिरवत राहिले, की बारा ते पंधरा मिनिटांत सगळीकडून भाजले जाते. मग ते झाकणाखाली पाच मिनिटे ठेवावे. साल सहज सुटते. नळाखाली धरून साल काढण्याचा मोह टाळावा, कारण पाण्याबरोबर धुराचा सुगंधही वाहून जातो. करपलेले काळे कण मात्र हाताने वेचून काढावेत. त्याच जाळीवर एक टोमॅटो आणि एक मिरची भाजून घ्यावी. सगळे ठेचून त्यात कांद्याची पात, कोथिंबीर, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि दोन चमचे घट्ट दही घातले, की तेलाशिवायचे भरीत तयार. शेंगदाणे चावत नसतील, तर एक चमचा कूट घालावे.

भाजण्याची ही रीत वांग्यापुरती ठेवू नये. कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो, रताळे हे सारे असे भाजता येते. दुधीच्या जाड चकत्या लोखंडी तव्यावर, झाकण ठेवून, दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजल्या आणि दह्यात कालवल्या, तर ‘दुधी नको’ म्हणणारी व्यक्तीही तो दुधी चटकन ओळखणार नाही. घरात दम्याचा किंवा फुप्फुसाचा विकार असलेले कोणी असेल, तर भाजताना खिडकी उघडी ठेवावी आणि त्यांना दुसऱ्या खोलीत बसवावे. उघड्या ज्योतीवरचे हे काम थरथरत्या हातांवर सोपवू नये. पदर आणि ओढणी यांची काळजी घ्यावी.

सिंधुदुर्ग आणि गोवा : आंबटाचा आधार

तिसऱ्या मुक्कामासाठी ऋतू बदलावा लागेल. भाद्रपदात, गणेश चतुर्थीच्या आधी दोन दिवस, कोकण रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरावे आणि थेट बाजारात जावे. माटवीसाठी लागणारी रानफळे, सुपारीचे घोस, काकड्या, भोपळे आणि नारळ यांनी रस्ते भरलेले असतात. गणपतीच्या वर टांगायच्या या फळा-भाज्यांच्या चौकटीला सिंधुदुर्गात माटवी आणि गोव्यात माटोळी म्हणतात. पावसाने पिकवलेले जे जे आहे, ते सारे देवाच्या डोक्यावर. आणि दुसऱ्याच दिवशी ते पातेल्यात.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाने न पिकलेल्या, परसात उगवलेल्या भाज्यांची एकत्र भाजी त्या दिवशी होते: अळू, माठाचे देठ, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे. मसाला नाही, कांदा-लसूण नाही, आणि कित्येक घरांत फोडणीही नाही. हिरवी मिरची, ओला नारळ, आणि चिंच किंवा आंबाडे. एवढ्यावर ती भाजी अशी होते, की वर्षभर तिची वाट पाहिली जाते. अळूत आणि सुरणात घशाला खवखवणारे बारीक स्फटिक असतात. म्हणून या भाज्या पूर्ण शिजवणे आणि त्यांना आंबटाची जोड देणे, हा नियम घरोघरी पाळला जातो.

याच मुलखातले खतखते तर हलक्या भाजीचा आदर्शच. मुळा, भोपळा, सुरण, रताळे, शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी, मका, मिळाल्यास नीरफणस, अशा अनेक भाज्या तुरीच्या डाळीबरोबर शिजवतात. नारळ, हळद आणि सुकी मिरची यांचे वाटण लावतात. थोडा गूळ, आमसुले आणि शेवटी ठेचलेली तिरफळे. बहुतेक घरांत याला फोडणी देत नाहीत.

तिरफळ ज्यांनी पाहिले नसेल, त्यांच्यासाठी सांगतो. मिरीहून थोडे मोठे, सुकल्यावर उकललेले फळ. आतली काळी बी टाकून द्यायची आणि फक्त टरफल वापरायचे. त्याने जिभेवर बारीक मुंग्या आल्यासारखे वाटते आणि लिंबाच्या सालीची आठवण करून देणारा वास येतो. पाच-सहा तिरफळे ठेचून पाण्यात घालायची. ती खायची नसतात. जी जीभ मंदावली आहे, तिला जागे करण्यासाठी तिखटच वाढवावे लागते असे नाही, हे तिरफळाकडून शिकावे.

आणि आमसूल. कोकमाच्या फळाची साल त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवली, की आमसूल होते. ‘सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम’ यालाही भौगोलिक मानांकन आहे. पथ्याच्या स्वयंपाकात त्याचे मोल मोठे, कारण पदार्थात आंबटपणा असला की कमी मीठही जिभेला पुरेसे वाटते. लिंबू, चिंच, ताक, टोमॅटो, कैरी, चुका यांचेही तेच काम. पालक किंवा चाकवत ताकात शिजवण्याची आपली जुनी रीत याच पंक्तीतली. एक सूचना मात्र ध्यानात ठेवावी: कोकमाचे आगळ टिकावे म्हणून त्यात पुष्कळ मीठ घातलेले असते. रक्तदाबाचे पथ्य असेल तर आगळाऐवजी आमसूल धुऊन वापरावे.

चौघांसाठी हलके खतखते करायचे, तर अर्धी वाटी तूरडाळ, पाच वाट्या चिरलेल्या भाज्या, पाव वाटी ओला नारळ, एक सुकी मिरची, चार आमसुले, पाच-सहा तिरफळे आणि बोराएवढा गूळ घ्यावा. नारळात स्निग्धांश असतो आणि तो बव्हंशी संपृक्त प्रकारचा, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी हे माप ओलांडू नये. मधुमेह असेल तर गूळ वगळावा. रताळे, सुरण, मका आणि कच्ची केळी यांत पिष्ट पदार्थ असतात, म्हणून त्या दिवशी भात किंवा भाकरी थोडी कमी घ्यावी.

देशावरच्या वाचकांना इथे भोगीची भाजी आठवेल. संक्रांतीच्या आदल्या दिवशी गाजर, वांगी, हरभरे, पावटे यांची ती मिसळ. तिची चव भाजलेल्या तिळांच्या आणि शेंगदाण्यांच्या कुटात आहे. एक चमचा तीळ कोरडे भाजून, कुटून, कोणत्याही वाफवलेल्या भाजीवर पेरले, तर भोगीचा तो वास वर्षभर घरात राहू शकतो.

आपल्या ओट्यावर

तिन्ही गावांतून आणलेले सामान आता एकत्र मांडू. वाफ, भाजणे आणि आंबट. यांपैकी कोणतीही दोन एका भाजीत आली, की तेल-मिठाची उणीव सहसा जाणवत नाही. वाफवलेल्या भोपळ्यावर भाजलेले तीळ आणि लिंबू. भाजलेल्या वांग्यात दही. ताकातल्या पालकाला जिऱ्याची एक चमचा फोडणी.

तेल पूर्ण बंद मात्र करू नये. पालेभाज्या, गाजर, लाल भोपळा यांतील कॅरोटिन आणि के जीवनसत्त्व शरीरात शोषले जाण्यासाठी थोडा स्निग्धांश लागतोच. शिवाय ज्यांचे वजन आधीच घटत आहे, त्यांना कॅलरींचीही गरज असते. अशांच्या भाजीत तेल किती असावे, हे आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

मिठाबाबत जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे, की प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ घ्यावे. हे प्रमाण साधारण एक सपाट लहान चमचा होते आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, पाव यांतले मीठही धरायचे असते. पालेभाजी शिजून चौथाईने उरते, म्हणून मीठ आरंभी न घालता भाजी बसल्यावर घालावे. हात आपोआप आवरतो. मीठ एकदम तोडू नये. काही आठवड्यांत थोडे थोडे कमी केले, तर जीभ सरावते.

भाजीचा पोत सांभाळावा. चावणे अवघड असेल तर शिजलेली भाजी मिक्सरमधून काढून त्याची लापशी करण्याची घाई करू नये. आधी बारीक चिरणे, जास्त वाफवणे, काट्याने कुस्करणे हे उपाय करावेत, म्हणजे भाजी भाजीसारखी दिसते. गिळताना ठसका लागत असेल, तर ते डॉक्टरांना सांगावेच. अशा व्यक्तीला पातळ रसात तरंगणाऱ्या फोडी धोक्याच्या ठरू शकतात. खतखते त्यांच्यासाठी एकजीव घोटून, घट्टसर करून द्यावे.

विचारूनच करावे असे

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पोटॅशियम मोजून घ्यावे लागते. त्यांच्यासाठी भाजी उकडून पाणी टाकण्याचा सल्ला डॉक्टर देतात. तिथे वर सांगितलेली वाफेची रीत आपल्या मनाने वापरू नये. कमरख अर्थात स्टारफ्रूट हे आंबट फळ त्यांनी पूर्णपणे टाळावे, कारण दुबळ्या मूत्रपिंडांना ते घातक ठरते. बाजारातील ‘कमी सोडियम’च्या मिठात बहुधा पोटॅशियम असते, मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा रक्तदाबाची काही औषधे चालू असल्यास ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या सोडू नयेत, मात्र त्यांचे प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे ठेवावे. एकाएकी वाढवू किंवा घटवू नये.

एकच पातेले

शेवटी एक विनंती, विशेषतः घरात ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना. पोपटी, भरीत आणि खतखते या तिन्ही पदार्थांत एक गोष्ट समान आहे: ते कोणा आजारी माणसासाठी वेगळे केले जात नाहीत. मडके एकच असते, पंगत एकच असते आणि लहानथोर सारे त्यातूनच खातात. आपल्या घरीही तसेच करता येईल. ज्येष्ठांसाठी वेगळी भाजी शिजवण्याऐवजी सगळ्यांचीच भाजी थोडी हलकी करावी. ज्याला अधिक तिखट-मीठ हवे, त्याने ते आपल्या ताटात वरून घ्यावे. वेगळ्या वाटीमुळे रोज दोन वेळा ‘तुम्ही आजारी आहात’ ही जाणीव दिली जाते. ती वाटी निघाली, की जेवण पुन्हा जेवण होते.

शक्य असेल तिथे त्यांना कामातही घ्यावे. शेंगा सोलणे, मेथी निवडणे, आमसुले भिजत घालणे ही कामे बसून होतात. आंबट पुरे का, कोथिंबीर हवी का, जिरे भाजून घालू का, हे त्यांना विचारावे. मिठाचे माप आपल्या हाती ठेवावे, बाकी चवीचा निर्णय त्यांच्याकडे. कदाचित त्यांच्याकडून एखाद्या विसरलेल्या भाजीची रीतही कळेल, कारण कमी तेलात घर चालवण्याचा अनुभव त्यांच्यापैकी अनेकांना आपल्याहून अधिक आहे.

येत्या पंधरवड्यात या तीनपैकी एक तरी भाजी आपल्या घरी करून पाहा. थंडी असेल तर पोपटी किंवा भरीत, पावसाळा असेल तर खतखते. भाजी कशी झाली, हे कोणाला विचारू नका. ज्येष्ठांच्या ताटातली वाटी रिकामी झाली का आणि त्यांनी ती पुन्हा पुढे केली का, एवढेच पाहा.